चेहऱ्यावरच्या उजेडाचा हिशेब

चेहऱ्याच्या फोटोत दोन गोष्टी एकमेकींत मिसळून आलेल्या असतात: माणसाचा चेहरा आणि त्या क्षणी त्यावर पडलेला उजेड. कागदावर किंवा पडद्यावर उरतात ते फक्त कमी-जास्त उजळ ठिपके. त्या ठिपक्यांवरून उजेड कुठून आला, किती आला, कोणत्या रंगाचा होता आणि तो वगळला तर चेहरा मुळात कसा आहे, हे शोधण्याचे काम आता संगणक करतो. मोबाइलमधला ‘पोर्ट्रेट’, पासपोर्टच्या फोटोची तपासणी, बनावट फोटो पकडणे, आधारची चेहरा पडताळणी ही सगळी कामे कमी-अधिक प्रमाणात याच हिशेबावर चालतात.

मराठवाड्यातल्या औशासारख्या तालुक्याच्या गावी हा हिशेब पूर्वीपासून होत आला आहे, फक्त तो यंत्राऐवजी फोटोग्राफर डोळ्याने करत आला. स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, मागे पडदा, दोन्ही अंगांना छत्र्या लावलेले फ्लॅश. हनुवटी जराशी खाली, मान सरळ. या दोन-तीन सूचनांमागे उजेडाचे पक्के ज्ञान असते: हनुवटी वर राहिली तर नाकपुड्या उजळतात आणि डोळे लहान दिसतात, एकच छत्री पेटली तर अर्धा चेहरा काळोखात जातो. मुख्य दिवा आकार दाखवतो आणि दुसरा, मंद दिवा सावली भरून काढतो. पोर्ट्रेटच्या प्रकाशयोजनेचा पाया एवढाच आहे. बाकी सारे या दोन दिव्यांची उंची, कोन आणि जोर यांचे खेळ.

मुख्य दिवा कुठे होता, हे नाकाची सावली सांगते. दिवा समोरून आणि वरून असेल तर नाकाखाली फुलपाखराच्या आकाराची छोटी सावली पडते. तो एका बाजूला सरकवला की सावली गालाकडे वळते, आणखी सरकवला की ती गालाच्या सावलीला जाऊन मिळते व पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांत हा त्रिकोण वारंवार दिसतो, म्हणून या योजनेला त्याचे नाव मिळाले. दिवा अगदी कानाशी नेला तर चेहऱ्याचे उभे दोन भाग होतात. चेहऱ्यावरच्या ठरावीक खुणा, म्हणजे डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांच्या कडा, संगणक आधी शोधतो. मग नाकाच्या टोकापासून सावलीची कड किती आणि कोणत्या दिशेला गेली, हे मोजून तो दिव्याचा अंदाज बांधतो.

उघड्यावर मुख्य दिवा म्हणजे सूर्य. औसा सुमारे १८ अंश १५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. जुलैत बहुधा आभाळ असते. मे मात्र ऐन लग्नसराईचा. दुपारच्या मुहूर्ताला उन्हात फोटो काढला तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत उतरते, नाकाची ओठांवर येते आणि नवरीचे डोळे दिसेनासे होतात. जाणता फोटोग्राफर जोडप्याला मांडवाच्या कडेला आणतो. तिथे डोक्यावर सावली असते आणि बाजूने मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड येतो. मांडवाचे कापड गुलाबी किंवा पिवळे असले तर त्यातून गाळून आलेला उजेडही तसाच रंगतो, हळदीच्या वेळी तर अंगावरची हळदच हनुवटीखाली पिवळा उजेड फेकते. रंग सुधारताना संगणक फोटोत पांढरे काय असावे ते शोधतो: टोपी, धोतर, डोळ्यांचा पांढरा भाग. ते पांढरे पिवळट दिसले की उजेड पिवळा होता असे धरून तो सगळा फोटो निळ्याकडे ओढतो. हळदीच्या फोटोत हे उलटे अंगावर येते, कारण तिथला पिवळेपणा घालवायचा नसतो.

पांढऱ्या टोपीची गोष्ट इथेच सांगायला हवी. कॅमेऱ्यातला उजेडमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरतो. ही छटा पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवते असे जुन्या मापनात मानतात. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर अशा वेशातले आजोबा समोर असले की मापकाला दृश्य फार उजळ वाटते आणि तो उजेड कमी करतो. टोपीच्या घड्या नीट दिसतात, पण उन्हाने रापलेला चेहरा काळवंडतो. मोबाइल आता आधी चेहरा शोधून त्याच्या बेताने उजेड ठरवतात. तरी कपडा आणि चेहरा यांतले अंतर फार असले की दोन्हींतले एक हातचे जातेच.

मोजणीत पहिली अडचण आकड्यांचीच येते. साध्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ असा आकडा असतो, पण तो प्रत्यक्ष उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतो. डोळ्याला गडद छटांतला फरक जास्त कळतो, म्हणून आकडे त्या बेताने ताणलेले असतात. समजा, एका पासपोर्ट फोटोत उजळ गालावर २०० आणि सावलीतल्या गालावर १०० आकडा आला. पाहणारा म्हणेल, दुप्पट उजेड. प्रचलित पद्धतीने ताण काढून टाकला तर उजळ गालाला पूर्ण उजेडाच्या ५८ टक्के आणि सावलीतल्या गालाला १३ टक्क्यांहून थोडे कमी येतात. म्हणजे खरा फरक साडेचार पट. फोटोग्राफर मुख्य आणि भरणीच्या दिव्यांचे जे गुणोत्तर बोलतो ते या दुसऱ्या हिशेबातले असते. फोटोतून दिव्यांचा जोर काढणाऱ्या कोणत्याही पद्धतीला ही पायरी टाळता येत नाही, आणि फिल्टर मारून आलेल्या फोटोत ती भरवशाने करता येत नाही, कारण फिल्टरने आकडे आपल्या मर्जीने वाकवलेले असतात.

पुढचा नियम जुना आहे. योहान हाइन्रिश लाम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडले की, चमक नसलेल्या पृष्ठभागाचा उजळपणा त्यावर उजेड कोणत्या कोनात पडतो यावर ठरतो. समोरून पूर्ण, ६० अंश तिरपा पडला तर निम्मा, ९० अंशांना शून्य. चेहऱ्यावर कपाळ, गालफडे, नाकाच्या दोन बाजू, हनुवटी असे निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले भाग असतात. प्रत्येक भाग आपापल्या दिशेच्या उजेडाची खबर देतो. २००१ साली रवी राममूर्ती आणि पॅट हॅनरहन यांनी दाखवले की, भोवतीचा उजेड कितीही गुंतागुंतीचा असो, अशा चमकहीन पृष्ठभागावरचा त्याचा परिणाम अवघ्या ९ आकड्यांत जवळपास पूर्ण मांडता येतो. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग धरले तर २७ आकडे. औशाच्या बाजारातला दुपारचा उजेड असो की मंगल कार्यालयातल्या शंभर दिव्यांचा, गालावर तो काय करतो ते २७ आकड्यांत मावते, हा या शाखेतला फार सुंदर निष्कर्ष आहे. मात्र नाकाने टाकलेली सावली त्यात धरलेली नाही. ती वेगळी मोजावी लागते.

खरा पेच याच्या पुढे आहे. ठिपक्याचा उजळपणा म्हणजे त्वचेचा रंग आणि तिथे पोचलेला उजेड यांचा गुणाकार. गुणाकार ठाऊक असून दोन्ही संख्या माहीत नसतील तर उत्तरे असंख्य. गाल गडद दिसतो तो त्वचा सावळी म्हणून की उजेड कमी म्हणून, हे एकट्या ठिपक्यावरून कधीच सांगता येणार नाही. म्हणून संगणकाला आधी चेहरे कसे असतात याची शिकवण द्यावी लागते. १९९९ साली फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी २०० माणसांच्या डोक्यांची त्रिमितीय मोजमापे घेऊन चेहऱ्याचा एक सर्वसाधारण साचा तयार केला. १०० पुरुष, १०० स्त्रिया, बहुतेक युरोपीय वंशाचे. कोणताही फोटो या साच्यात बसवायचा आणि आकार, रंग, उजेड यांची अशी सांगड शोधायची की साच्यापासून तयार झालेले चित्र मूळ फोटोशी जुळेल. पुढच्या बहुतेक पद्धती या वाटेने गेल्या. साच्यात जे चेहरे नव्हते त्यांच्याबाबत चूक होण्याचा धोका तेव्हापासूनचा आहे. गोऱ्या कातडीवर शिकलेला संगणक सावळ्या गालाचा रंग पाहून उजेड कमी होता असे समजू शकतो आणि चेहरा नको तेवढा उजळवतो. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ त्वचेच्या पुरुषांत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद त्वचेच्या स्त्रियांत ३४.७ टक्क्यांपर्यंत. मराठवाड्यात शेतात राबणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही.

चेहऱ्यावर उजेडाची सर्वांत स्पष्ट साक्ष डोळ्यात असते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा ओला आणि गुळगुळीत, त्याची वक्रता साधारण पावणेआठ मिलिमीटर त्रिज्येची आणि माणसामाणसांत फार न बदलणारी. म्हणजे प्रत्येक डोळा हा ठरलेल्या मापाचा छोटा बहिर्गोल आरसा आहे. त्यात दिव्याचे प्रतिबिंब पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. छत्रीचे गोलसर, काड्यांच्या रेघांसह, कापडी पेटीतल्या दिव्याचे, म्हणजे सॉफ्टबॉक्सचे, चौकोनी, खिडकीचे गजांसकट. को निशिनो आणि श्री नायर यांनी २००४ साली कोलंबिया विद्यापीठात या प्रतिबिंबावरून समोरचा परिसर आणि उजेड उभा करून दाखवला. २००७ साली मायका जॉन्सन आणि हानी फरीद यांनी तीच कल्पना बनावट फोटो पकडायला वापरली: बुबुळाची गोल कड फोटोत जितकी लंबगोल दिसते त्यावरून डोळा कुठे वळला ते कळते, ठिपक्याच्या जागेवरून दिवा कुठे होता ते कळते, आणि एकाच फोटोतल्या दोन माणसांच्या डोळ्यांत दिवे निरनिराळ्या दिशांना निघाले तर ती माणसे एका जागी उभी नव्हती. पुढे, २०२१ मध्ये, संगणकाने रचलेले खोटे चेहरेही याच खुणेवरून ओळखण्याची पद्धत मांडली गेली, कारण त्यांच्या डाव्या-उजव्या डोळ्यांतली प्रतिबिंबे पुष्कळदा जुळत नसत. या पद्धतीला मर्यादा आहे ती ठिपक्यांच्या संख्येची. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो नेहमीच्या ३०० ठिपके प्रतिइंच मापाने छापला तर त्यात सुमारे ४१३ बाय ५३१ ठिपके येतात. त्यातले बुबुळ जेमतेम वीस ठिपके रुंद, दिव्याचे प्रतिबिंब दोन-तीन ठिपक्यांचे. एवढ्यावरून दिशा सांगता येते, आकार सांगणे अवघड. व्हॉट्सअॅपवरून दहा जणांनी पुढे ढकललेल्या फोटोत तेही उरत नाही.

उजेड जुळत नसल्याचा नमुना पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही चौकातले वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स पाहावे. नेत्याच्या भोवती वीस-पंचवीस चेहरे असतात, प्रत्येक वेगळ्या फोटोतून कापलेला. एकाच्या नाकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, तिसऱ्यावर सपाट फ्लॅश. तिथे कोणाला फसवायचे नसते. पण तीच कापाकापी दोन माणसे भेटली होती असे दाखवायला केली की हीच विसंगती पुरावा ठरते. उलट दिशेचेही उदाहरण आहे. केनेडींच्या हत्येतील आरोपी ली हार्वे ऑस्वाल्डचा बंदूक घेतलेला परसातला फोटो बनावट असल्याचे अनेक वर्षे बोलले जात होते, कारण चेहऱ्यावरची आणि जमिनीवरची सावली जुळत नाही असे डोळ्याला वाटे. फरीद यांनी २००९ साली डोक्याची त्रिमितीय प्रतिकृती करून दाखवले की, एकाच सूर्याने त्या दोन्ही सावल्या पडू शकतात. सावलीबाबत माणसाचा डोळा फसतो, हे बनावट फोटोइतकेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

चित्रांनाही हा हिशेब लावला गेला आहे. जॉर्ज द ला तूर या फ्रेंच चित्रकाराच्या मेणबत्तीच्या चित्रांत उजेड खरे तर चौकटीबाहेरून आला, असा एक दावा होता. डेव्हिड स्टॉर्क आणि जॉन्सन यांनी सावल्या व छटा मोजून, उजेड मेणबत्तीच्याच जागेवरून येतो असे दाखवले. मराठी वाचकाला या जातीचे चित्र अनोळखी नाही. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी आपली मुलगी गीता हिला समोर उभे करून रंगवलेली, हातात दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगातले चित्र अनेक वर्षे राजा रविवर्म्याच्या नावावर खपत आले. दिव्यापुढे धरलेल्या पंजाची बोटे आतून लालसर पेटल्यासारखी दिसतात, ते निरीक्षण अचूक आहे. त्वचेत शिरलेला उजेड आत विखुरतो आणि त्यातला लाल भाग सर्वांत दूर जाऊन बाहेर पडतो. संगणकाला हे नीट रंगवता येईल असे व्यवहार्य गणित २००१ साली मिळाले. लाम्बर्टचा नियम त्वचेला तंतोतंत लागत नाही तो यामुळेच, आणि म्हणूनच निव्वळ त्या नियमाने रंगवलेला चेहरा प्लास्टरचा वाटतो.

उजेड वाचता आला की बदलताही येतो. दोन दिवे एकत्र लावून काढलेला फोटो म्हणजे प्रत्येक दिव्याने वेगवेगळ्या काढलेल्या फोटोंची बेरीज. या साध्या तत्त्वावर पॉल डेबेवेक यांनी २००० साली ‘लाइट स्टेज’ उभारला: माणसाला मध्ये बसवायचे, चहूबाजूंच्या प्रत्येक दिशेने एकेक करून उजेड टाकायचा, प्रत्येकाचा फोटो घ्यायचा. मग हव्या त्या ठिकाणचा उजेड त्या फोटोंच्या बेरजेतून तयार होतो. अॅपलने २०१७ मध्ये फोनवर स्टुडिओसारखा उजेड देण्याची सोय आणली. गुगलने २०२० मध्ये आणलेल्या सोयीसाठी ६४ कॅमेरे आणि ३३१ दिव्यांच्या अशाच गोलात ७० माणसांचे फोटो घेऊन संगणकाला शिकवले होते.

या सोयीला एक काळजीची बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने उद्ध्वस्त झालेले किल्लारी औसा तालुक्यातलेच. ज्या घरात गेलेल्या माणसाचा एखादाच फोटो उरला आहे, तिथे तो मोठा करून, उजळवून भिंतीवर लावायचा असतो, आणि अशी कामे आता मोबाइलवरच्या अॅपने होतात. सावलीत थोडी तरी माहिती शिल्लक असेल तर संगणक ती वर आणतो. पण अर्धा चेहरा निखळ काळा असेल तर तिथे आणायला काही नसते. तेव्हा अॅप शिकलेल्या हजारो चेहऱ्यांवरून तो भाग रचते. तो गाल आईचा नसतो. कामाचा माणूस अशा वेळी सावली थोडी ठेवतो, घरच्यांना विचारतो आणि मूळ फोटो न बिघडवता परत देतो. हीच रीत योग्य आहे.

आता या हिशेबाच्या सर्वांत व्यापक वापराकडे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. नोंदणीच्या साहित्यात कॅमेरा आणि पांढरा पडदा यांच्या जोडीला चेहऱ्यावर टाकायचा दिवा होता. आधार प्राधिकरणाच्या सूचना स्पष्ट होत्या: उजेड सारखा पसरलेला असावा, चेहऱ्यावर आणि डोळ्यांच्या खोबणीत सावली नसावी, कुठे चकाकी नसावी, दिवा नेमका डोक्यावर नसावा, तो समोरून आणि मऊ असावा. स्टुडिओतला फोटोग्राफर याहून वेगळे काही सांगणार नाही. नोव्हेंबर २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला चेहऱ्यावरून देता येऊ लागला. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. म्हणजे स्टुडिओच्या सूचना आता अंगणवाडीच्या ओट्यावर, शेतातल्या कोठ्यात, रेशन दुकानाच्या दारात पाळल्या जायला हव्यात, आणि तिथे छत्री नाही, दिवा नाही, पडदाही नाही.

यंत्राची तपासणी कशी चालते ते कळले तर चुका कुठे होतात तेही कळते. उजेड सारखा आहे का हे पाहायची एक प्रचलित रीत म्हणजे चेहऱ्याच्या डाव्या आणि उजव्या भागांतल्या छटा ताडून पाहणे. एका बाजूने ऊन आले तर दोन्ही भाग जुळत नाहीत आणि ते पकडले जाते. पण मेच्या दुपारी डोक्यावरच्या सूर्याखाली दोन्ही भाग अगदी जुळतात. खोबणी दोन्हीकडे सारख्याच काळ्या असतात. एवढ्या एका मोजमापाने तो उजेड चांगला ठरेल, आणि ओळख पटवताना जिथे सर्वाधिक खुणा असतात ते डोळेच हरवलेले असतील. उजेडाबद्दल एकच आकडा पुरेसा मानू नये, ते यासाठी.

गावातल्या सेवा केंद्रातली मांडणी बहुधा एकच असते. चालक आत टेबलाशी, समोर येणारा माणूस दाराकडे पाठ करून. मोबाइलच्या दृष्टीने मागे लख्ख आभाळ आणि पुढे काळा चेहरा. पडताळणी होत नाही, म्हातारी पुन्हा पुन्हा डोळे मिचकावते, रांग वाढते आणि शेवटी ‘उद्या या’ होते. इलाज बिनखर्चाचा आहे. माणसाला फिरवून त्याचे तोंड दाराकडे करावे, मोबाइल धरणाऱ्याने दाराकडे पाठ करावी. उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी बसवावे. पदर किंवा टोपी कपाळावर सावली टाकत असेल तर ती जरा मागे सरकवायला सांगावे. मांडीवर पांढरे कापड किंवा थर्माकोलचा तुकडा धरला तर हनुवटीखालचा आणि डोळ्यांतला काळोख भरून निघतो. लेन्स पुसावी.

एवढे करूनही यंत्र नाही म्हणाले, तर दोष चेहऱ्याचा धरू नये. ज्याची ओळख तपासायची त्याच्यावर उजेडाची जबाबदारी टाकता येत नाही. ती केंद्र चालवणाऱ्याची आणि योजना आखणाऱ्याची आहे. प्रत्येक तहसीलने आपल्या हद्दीतल्या केंद्रांना आणि अंगणवाड्यांना एक साधा मऊ दिवा व पांढरा पडदा द्यावा, चालकांना गावातल्याच एखाद्या अनुभवी फोटोग्राफरकडून अर्ध्या दिवसाचे शिक्षण द्यावे, आणि चेहरा जुळला नाही म्हणून कोणाचेही धान्य, आहार किंवा निवृत्तिवेतन थांबवू नये.